लोलोंच्या पांढऱ्या जॅकेटचा रकाना कुठला? अ‍ॅडमिशन ऑफिसांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसांत बसणाऱ्या सगळ्यांना, आणि "अंडररिप्रेझेंटेड" कोण याच्या याद्या बनवणाऱ्यांना,

नमस्कार.

मी मूळची ठाण्याची. बावीस वर्षं झाली कॅलिफोर्नियात येऊन, त्यातली एकोणीस व्हॅलेहोत गेली. नवरा फिलिपिनो अमेरिकन, इथेच जन्मलेला. लेक बारावीत आहे, त्यामुळे सध्या घरात दुसरा विषयच नाही, जेवायच्या टेबलावर तिचा लॅपटॉप पसरलेला असतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हेच पत्र इंग्रजीत तुमच्यापैकी काहींना पाठवलंय. मराठीत मुद्दाम लिहितेय कारण बे एरियात तुमच्याकडे शिकवणारे, तुमच्या कमिट्यांवर असणारे, माजी विद्यार्थी म्हणून मुलांच्या मुलाखती घेणारे मराठी लोक कमी नाहीत, आणि त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

झालं असं. एका खासगी कॉलेजचा, नाव घेत नाही, बारावीच्या मुलांना दोन दिवस कॅम्पसवर बोलावून घेण्याचा कार्यक्रम असतो, विमानाचं तिकीट तेच देतात. पेजवर लिहिलेलं होतं की सगळ्यांना खुला आहे पण आजवर ज्यांचं प्रमाण कमी राहिलंय अशा गटांतल्या मुलांनी जरूर अर्ज करावा, आणि खाली गटांची नावं. त्यात पॅसिफिक आयलंडर (हवाई, सामोआ अशा बेटांवरचे) होतं, फिलिपिनो नव्हतं. लेकीने सरळ मेल करून विचारलं की मी यात बसते का. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. फिलिपिनो विद्यार्थी आमच्याकडे एशियनमध्ये धरले जातात आणि एशियन हा गट आमच्याकडे अंडररिप्रेझेंटेड नाही. बास. तिने मेल मला दाखवला, म्हणाली, "आई, म्हणजे आम्ही भरपूर आहोत का तिथे?" मी म्हटलं विचार परत. तिने विचारलं, की तुमच्याकडे फिलिपिनो विद्यार्थी किती आहेत. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही.

मला जो राग आला तो नकाराचा नाही. कार्यक्रम नसेल मिळत तर नको, पोरगी आपल्या पैशाने जाऊन कॅम्पस बघून येईल. राग आला तो याचा, की "तुम्ही पुरेसे आहात" असं सांगणाऱ्याने मोजलेलंच नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार रकान्याचीच. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांच्या आकडेवारीत एशियन वेगळा, पॅसिफिक आयलंडर वेगळा आणि फिलिपिनो वेगळा. बालवाडीपासून मी तिचे फॉर्म भरत आलेय, फिलिपिनोवर खूण आणि एशियन इंडियनवर खूण, दोन्ही, दर वर्षी. बारा वर्षं राज्याने तिच्या बाबांकडच्या लोकांना वेगळं मोजलं. आणि कॉलेजच्या दारात आल्यावर केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे कंबोडिया, चीन, भारत, जपान, कोरिया, मलेशिया, पाकिस्तान, फिलिपीन्स, थायलंड, व्हिएतनाम सगळे एका टोपलीत. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकदम अर्ज करायच्या फॉर्मवर, एशियनखाली देशांची छोटी छोटी चौकोनं आहेत, हे मला माहितेय, तिने भारत आणि फिलिपीन्स दोन्हींवर टिक केलं, पण पुढे तुमचे रिपोर्ट बाहेर येतात तेव्हा त्या चौकोनांचं काय होतं? बहुतेक ठिकाणी एकच आकडा छापलेला असतो, एशियन इतके टक्के. मग विचारलं कशाला?

दुसरी तक्रार, तुमच्या माणसांना आम्ही कोण हेच ठाऊक नाही. गेल्या वसंतात एका कॉलेज फेअरला टेबलावरच्या बाईंनी लेकीच्या छातीवरचा बिल्ला वाचला, आडनाव स्पॅनिश, त्यांनी हसून लॅटिनो विद्यार्थ्यांसाठीचं पत्रक पुढे केलं. लेक म्हणाली मी फिलिपिनो आहे. बाईंनी पत्रक हळूच परत गठ्ठ्यावर ठेवलं आणि त्या जागी दुसरं काहीच दिलं नाही. पोरीचा हात तसाच पुढे राहिला. त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतंच. पण ते स्पॅनिश आडनाव आलं कुठून हे कुणी त्यांना कधी शिकवलं नसणार. स्पेनने तिथे तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं आणि १८४९ साली गव्हर्नर क्लाव्हेरियाच्या हुकमाने लोकांना आडनावांच्या यादीतून आडनावं वाटली. म्हणजे तेव्हाही कुणीतरी यादी बनवली आणि माणसांना तिच्यात बसवलं. नंतर १८९८ च्या पॅरिस करारात अमेरिकेने ती बेटं २ कोटी डॉलर देऊन घेतली, लोकांनी विरोध केला म्हणून युद्ध केलं, १९०१ पासून जहाजं भरभरून मास्तर पाठवून इंग्रजी शाळा चालवल्या आणि १९४६ पर्यंत सत्ता ठेवली. फिलिपिनो या देशात "आले" असं म्हणताना आधी हा देश तिकडे गेला होता हे लक्षात ठेवा एवढंच माझं म्हणणं. तुमच्या एशियन टोपलीतल्या बाकी कुणाचं अमेरिकेशी अगदी हे नातं नाही.

आणि रकान्यांचा खेळ कॅलिफोर्नियात जुनाच आहे. १९३३ साली साल्वादोर रोल्दान नावाच्या फिलिपिनो माणसाने कोर्टात सांगितलं की गोऱ्या बाईशी लग्नाला बंदी "मंगोलियन" लोकांना आहे, मी मलय आहे, आणि कोर्टाने ते मान्य केलं. मग? त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात "मलय" शब्द घातला. बंद करायचं असलं की बारीक फरक बरोबर दिसतो. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, केंद्र सरकारने फिलिपिनोंना परके ठरवून त्यांच्या अमेरिकेत येण्यावर वर्षाला ५० जणांचा कोटा लावला. ५०.

तिसरी तक्रार जास्त जिव्हारी लागलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

माझे सासरे, लेकीचे लोलो (फिलिपिनो घरात आजोबांना लोलो, आजीला लोला), १९६४ साली अमेरिकन नेव्हीत भरती झाले. भरती कुठे, तर फिलिपीन्समधल्या काविते प्रांतातल्या सांग्ले पॉइंटच्या अमेरिकन नाविक तळावर. लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मला आपली सांगलीच आठवली होती आणि मी त्यांना तसं सांगितलंही, तेव्हापासून ते मला सांगलीची हकिकत विचारायचे, मी कधीच गेले नव्हते तरी. १९४७ च्या लष्करी तळांच्या कराराने नेव्हीला फिलिपीन्समधून माणसं घेता यायची, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांना काम एकच, स्ट्युअर्डचं. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांचे बूट पॉलिश करायचे, पलंग आवरायचे. लोलो मनिलात कॉलेजची दोन वर्षं करून आलेले, गणित पक्कं, आणि दिवसभर हातात ट्रे. त्यांचं ते पांढरं स्ट्युअर्डचं जॅकेट अजून आमच्या कपाटात आहे. उजव्या बाहीच्या आतल्या बाजूला कॉफीचा एक डाग आहे जो लोलांनी कितीदा धुतला तरी गेला नाही, आणि कॉलरच्या आत त्यांनी स्वतः सुईदोऱ्याने आपलं नाव शिवलेलं आहे कारण लाँड्रीत जॅकेटं बदलली जायची आणि सगळ्यांना एकाच नावाने, "बॉय" म्हणून, हाक मारायचे. पुढे त्यांना दुसरं काम मिळालं, मग नेव्ही सोडल्यावर इथल्या व्हॅलेहोतल्या मेअर आयलंडच्या गोदीत लागले, १९९६ ला गोदी बंद झाली तोवर तिथेच होते. चार वर्षांपूर्वी गेले.

लेकीने निबंध लिहिला तो या जॅकेटवर. कॉलरच्या आतल्या नावावर. मी तिची आई म्हणून नाही सांगत, चांगला लिहिला होता. आम्ही एक कन्सल्टंट लावला होता, तासाला भरपूर पैसे घेणारा, त्याने झूमवर तो वाचला आणि म्हणाला, लिहिलंय छान पण एशियन आजी-आजोबांचे निबंध वाचून वाचून ऑफिसर कंटाळलेत, यात तू एशियन म्हणून उठून दिसतेस, ते टाळ, रोबोटिक्सवर लिही. मीटिंग संपली. लेकीने माझ्यासमोर ती फाइल उघडली, सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. रोबोटिक्सचं पहिलं वाक्य टाइप केलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तुम्ही म्हणाल हा सल्ला आमचा नाही, बाहेरच्या माणसाचा आहे. खरंय. पण तो सल्ला विकला जातो कारण तुमच्याकडे काय चालतं याबद्दल लोकांची तशी खात्री झालीय, आणि ती हवेतून आलेली नाही. हार्वर्डच्या प्रवेशांविरुद्धच्या केसमध्ये जे आकडे कोर्टापुढे आले त्यात एशियन अर्जदारांना "पर्सनल" रेटिंग, म्हणजे स्वभाव-व्यक्तिमत्त्वाचे गुण, सरासरीने कमी पडत होतं. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देणं बंद केलं, पण त्याच निकालात मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने सांगितलं तर कॉलेजने ते विचारात घ्यायला बंदी नाही. म्हणजे रकाना झाकला आणि निबंध उघडा ठेवला. ठीक. मग त्या निबंधातही आमच्या मुलांनी लपायचं का?

चौथी गोष्ट माझ्या स्वतःच्या माणसांबद्दल आहे आणि ती मराठी वाचकांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. तुमचा तो "एशियन" सरासरीचा उंच आकडा कुणामुळे तयार होतो? बऱ्याच अंशी माझ्यासारख्यांमुळे. मी इंजिनियर, कंपनीने व्हिसा काढून आणलं, माझ्या बाजूचे इथले सगळे मास्टर्स केलेले, कारण व्हिसाच तसल्यांना मिळतो. आम्ही चाळणीतून येतो. त्यात हुशारीचा भाग आहे, नाही म्हणत नाही, पण चाळणी आहे. माझी पोरगी एका बाजूने ही आणि दुसऱ्या बाजूने लोलोंची नात आहे, आणि तुमच्या हिशोबात दोन्ही बाजू सारख्याच. माझ्या नवऱ्याने कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात केली, रात्री काम, दिवसा क्लास, सहा वर्षांनी डिग्री. त्याच्या पिढीतल्या आमच्या घरातल्या अकरा भावंडांपैकी सरळ चार वर्षांच्या कॉलेजात गेलेले दोन. फिलिपिनो घरांचं उत्पन्न कागदावर बरं दिसतं हे मला माहितेय, त्याचं एक कारण एका छपराखाली कमावणारे चार असतात, लोलांपासून सगळे. फॉर्मवर फक्त बेरीज दिसते.

आणि इथल्या आपल्या लोकांना वाटत असेल की रकाने मागणं आपल्याला शोभत नाही, तर आठवण करून देते. १९२३ मध्ये याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९७० च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत टाकलं. मग इथल्या भारतीयांनी मागणी केली, पाठपुरावा केला आणि १९८० च्या जनगणनेत "एशियन इंडियन" हा वेगळा रकाना आला. मागितला म्हणून आला. आणि १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा, ज्याने आपल्याला नागरिक होण्याचा हक्क मिळाला, तो भारतीय आणि फिलिपिनो दोघांसाठी एकत्रच झाला होता, दोघांनाही वर्षाला १०० चा कोटा. आपण त्यांच्या बरोबरीने दारात उभे होतो. आता आत आल्यावर "आमची मुलं मार्कांवर जातात, आम्हाला काय करायचंय" असं मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

पाचवं, मोजण्याने काय होतं याचं उदाहरण. माझी नणंद नर्स आहे. कोविडमध्ये ती तीन महिने गॅरेजमध्ये झोपली, जेवणाचं ताट आम्ही दाराशी ठेवायचो. नॅशनल नर्सेस युनायटेड या युनियनने सप्टेंबर २०२० मध्ये मृत नर्सेसची मोजणी जाहीर केली, त्यात अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के आणि कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश. हे कळलं कारण युनियनने फिलिपिनो वेगळे मोजले. नुसतं "एशियन" मोजलं असतं तर हे आम्हाला सुद्धा कळलं नसतं, आम्ही आपलं आपल्याच ओळखीत इतके कसे गेले म्हणून रडत बसलो असतो.

कुणी म्हणेल कायद्याने हात बांधलेत. बांधलेत, पण कशासाठी ते नीट बघा. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत १९९६ च्या प्रॉप २०९ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, वंश बघून प्राधान्य द्यायला बंदी आहे, आणि २०२३ पासून देशभर. मी प्राधान्य मागतच नाहीये. मोजायला आणि छापायला कुठल्याही निकालाने बंदी केलेली नाही. उलट मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने वंशाच्या नोंदीचे जे नवे नियम काढले त्यात एशियनखाली चायनीज, एशियन इंडियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी असे तपशील घेणं धरलेलं आहे. आणि हे जमतं. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, विद्यार्थ्यांनी "काउंट मी इन" ("मलाही मोजा") म्हणून मोहीम चालवली आणि २००७ मध्ये यूसीने अर्जावरचे एशियन आणि पॅसिफिक आयलंडर रकाने वाढवून २३ करायचं जाहीर केलं. त्याच यूसीने १९८० च्या दशकात फिलिपिनोंना अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनच्या, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना प्राधान्य देण्याच्या, यादीतून काढलं होतं, "आता तुम्ही पुरेसे झालात" म्हणून. म्हणजे हे वाक्य आमच्या घराने पहिल्यांदा ऐकलेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अर्ज किती आले, प्रवेश किती दिले, किती जण आले, किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे दर वर्षी फिलिपिनोंसाठी वेगळं छापा. आणि नुसतं फिलिपिनोंसाठी नाही, मोंग, कंबोडियन, बांगलादेशी, सगळ्यांसाठी. अर्ज करताना तुम्ही ती माहिती विचारताच, तेव्हा नवं काम काही नाही.

तुमच्या कार्यक्रमांत, स्कॉलरशिपमध्ये "अंडररिप्रेझेंटेड" हा शब्द वापरत असाल तर कोण त्यात आणि कोण नाही, कुठल्या आकड्यावरून, हे पेजवर लिहा. मी मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांत वाढलेय. तिथे मायनॉरिटी कोटा म्हणजे सिंधी, गुजराती, ख्रिश्चन ट्रस्टची कॉलेजं आणि त्यांच्या त्यांच्या राखीव जागा. त्याबद्दल लोकांची नाना मतं असतील, माझीही आहेत, पण कुणाला किती जागा आणि कुठला दाखला हवा हे नोटीस बोर्डावर लावलेलं असायचं, आम्ही सगळ्या मुली तिथे गर्दी करून वाचायचो. इथे सतरा वर्षांच्या पोरीने मेल करून आपण कुणात मोडतो हे विचारायचं आणि दोन ओळींवर गप्प बसायचं, हे बरोबर नाही. एका कॉलेजच्या यादीत ती आहे, शेजारच्या कॉलेजच्या यादीत नाही. निदान कारण तरी सांगा.

अर्ज वाचणाऱ्यांना या लोकांचा इतिहास एक दिवस बसवून शिकवा. स्टॉक्टनमधली लिटल मनिला ही फिलिपिनो वस्ती, १९६५ चा डेलानोचा द्राक्षमजुरांचा संप जो लॅरी इटलियाँग आणि त्यांच्या फिलिपिनो साथीदारांनी सुरू केला, सॅन फ्रान्सिस्को स्टेटचा १९६८ चा विद्यार्थ्यांचा संप ज्यात फिलिपिनो विद्यार्थी पुढे होते. हे सगळं इथेच, तासा-चार तासांच्या अंतरावर घडलंय.

कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांना कॅम्पस भेटीच्या आणि स्कॉलरशिपच्या कार्यक्रमांतून वगळू नका. आमच्याकडची कितीतरी मुलं त्याच दाराने येतात.

आणि तुमच्या साइटवर, स्पष्ट शब्दांत, तुमच्या सहीने लिहा की कुठल्याही विद्यार्थ्याने आपलं मूळ लपवलं तर फायदा होतो हे खोटं आहे. खोटं असेल तर लिहायला अडचण नसावी.

लेकीने त्या रात्री डिलीट केलेला निबंध तिच्या बाबांनी दुसऱ्या दिवशी फाइलच्या जुन्या आवृत्तीतून परत काढला, प्रिंट मारून तिच्या उशाशी ठेवला आणि काहीच बोलला नाही. आठवडाभर तो तसाच पडून होता. रविवारी ती कपाटातून जॅकेट काढून घेऊन बसली, कॉलर उलटी करून टाके मोजले, निबंधात "काळा दोरा" लिहिलं होतं ते खोडून "निळा" केलं. आता तोच निबंध जाणार आहे. कन्सल्टंट बंद केलाय.

नोव्हेंबर संपायच्या आत तो तुमच्यापैकी काहींच्या स्क्रीनवर येईल. त्यात सांग्ले पॉइंटचं नाव दुसऱ्या परिच्छेदात आहे. तोवर ते कुठे आहे आणि तिथून किती जणांना ट्रे धरायला आणलं एवढं तरी वाचून ठेवा. आणि ऑगस्टपासून राहिलेल्या त्या मेलचं उत्तर, तुमच्याकडे फिलिपिनो विद्यार्थी किती आहेत, ते पाठवा. आकडा लहान असला तरी चालेल.

आपली,
व्हॅलेहोहून एक आई